झोपलेल्या बाळाची अधिकारकक्षा

मानवजातीने आजवर केलेल्या कायद्यांपैकी अपवादाशिवाय पाळला जाणारा कायदा एकच आहे, आणि तो कोणत्याही विधिमंडळाने संमत केलेला नाही: झोपलेल्या बाळाला उठवू नये. खून करू नये या कायद्याला युद्धाचा अपवाद आहे, चोरी करू नये याला पदाचा; खोटे बोलू नये हा तर पाठ्यपुस्तकातली पाने भरण्यासाठीच केलेला असावा. झोपलेल्या बाळाबाबत मात्र आस्तिक आणि नास्तिक, घरमालक आणि भाडेकरू, इतकेच काय, एकाच विषयाचे दोन प्राध्यापक यांचेही एकमत असते. या एकमताचे एक प्रात्यक्षिक मध्यंतरी एका आगगाडीत झाले. विद्वानांनी त्याची दखल घेतली नाही, कारण त्या दिवशी ते मौनाच्या महत्त्वावर ध्वनिवर्धकातून बोलत होते.

प्रकरणातील मुख्य पक्षकार म्हणजे बाळ. वय अल्प, मान नुकतीच धरलेली, दात नाहीत, मते ठाम. बाळाचे वडील भूमापन कार्यालयात नकाशे काढतात. जगातील कोणतीही जागा कुठे आहे हे त्यांना सांगता येते, फक्त बाळाचा दुसरा मोजा सोडून. आई भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या पैलवानालाही बोलता बोलता झोपवणे हा तिचा पेशा. स्वतःच्या अपत्यापुढे मात्र तिची विद्या चालत नाही. (पैलवानाला झोपायचे असते, हे त्यामागचे शास्त्रीय कारण.)

अशा कुटुंबाने घराबाहेर पडायचे म्हणजे काय, हे ज्यांनी सैन्य हलवले आहे त्यांनाच समजेल. सामानात पुढील वस्तू होत्या: दुपटी, दुपट्यांखाली घालायची दुपटी, लंगोट (अंदाजाप्रमाणे), लंगोट (अंदाज चुकल्यास), दुधाची बाटली, बाटली उकळायचे भांडे, बाळाला आवडावा म्हणून आणलेला खुळखुळा, आणि बाळाला प्रत्यक्षात आवडणारे डब्याचे झाकण. आईवडिलांचे म्हणून एक जास्तीचे पोलके आणि एक सदरा होता, तोही बाळ कोणत्या खांद्यावर ओकेल हे आधी सांगता येत नसल्यामुळे. दारापर्यंत जाऊन परत फिरणे याला जाणकार पहिले प्रस्थान म्हणतात. ते झाले. दुसरे प्रस्थान बाळाने का रद्द केले, हे सामानाचे वर्णन लक्षपूर्वक वाचलेल्यांना सांगायला नको. तिसऱ्या प्रस्थानाला वडील रिक्षात बसल्यावर आईने विचारले, "सगळं घेतलंस ना?" ते "हो" म्हणाले. बाळ तेव्हा शेजारणीकडे होते.

ही मोहीम हौसेची नव्हती. बाळाच्या आईचे वडील शाळांचे तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. लेकीने लग्न आधी केले आणि मग कळवले, हा क्रम त्यांना मंजूर नव्हता; तेव्हापासून बापलेकीत बोलणे बंद होते. बाळ झाल्यावर आजी मध्ये पडली (म्हणजे दोन्हीकडे थोडे थोडे खोटे बोलली) आणि असे ठरले की लेकीने माहेरच्या गाडीला बसावे व वडिलांनी तिला घ्यायला स्टेशनवर यावे. तपासनिसांनी होकार दिला नाही. त्यांनी बुटांना पॉलिश केले, आणि आजीने त्यालाच होकार समजण्याइतका संसार केलेला होता. "मात्र या खेपेला ती उतरली नाही," त्यांनी बजावले, "तर या घरात तिचं नाव काढायचं नाही." आजीने हे वाक्य फोनवरून लेकीला जसेच्या तसे पोचवले. ते तिने पोचवलेले पहिलेच खरे वाक्य होते.

डब्यात पाऊल ठेवताच बाळ रडू लागले, आणि समाजाला कंठ फुटला.

"उकडतंय त्याला. काढा ते अंगातलं."

"काढताय काय! गारठलंय ते. पाय बघा जरा."

"भूक लागलीय हो, दुसरं काही नाही."

"आत्ताच पाजलंय," आई म्हणाली.

"आत्ताच पाजलंत? मग पोट दुखणारच!"

खिडकीजवळच्या काकू म्हणाल्या, "माझी चार झाली, पण एकही असं रडलं नाही."

शेजारी बसलेला त्यांचा टक्कल पडू लागलेला मुलगा म्हणाला, "आई, मी रात्र रात्र रडायचो असं तूच सांगतेस."

"तू मध्ये बोलू नकोस."

एका अविवाहित तरुणाने या विषयावर वाचलेले होते. त्याने बाळाला दक्षिणोत्तर धरायला सांगितले; गाडी वळणावळणाने जात असल्यामुळे वडिलांना ते त्यांच्या पेशाच्या बळावरही जमेना. मतमोजणी केली असती तर दर शंभर प्रवाशांमागे एकशे चार मते भरली असती. (चौघांनी मत बदलले, पण आधीचे मागे घेतले नाही.) कोणीतरी आईला विचारले, "तुम्ही काय करता, ताई?"

"भूल देते. दवाखान्यात."

"मग द्या ना थोडी."

समोर एक लिलाव पुकारणारा गृहस्थ बसला होता. देह कपाटाएवढा, आवाज तेच कपाट जिन्यावरून खाली आल्यासारखा. बराच वेळ त्याने सहन केले. मग म्हणाला, "इकडे आणा, वहिनी." त्याने बाळाला पोटावर पालथे घातले आणि घशातल्या घशात, एका सुरात, आठवड्यातला माल म्हणायला घेतला: "शिसवी टेबल एक, पाय चार, पैकी एक हलतो. आरसा एक, चौकट चांगली. खुर्च्या वेताच्या, वेत नाही..." आरशापाशी बाळाने जांभई दिली. वेत नसलेल्या खुर्च्यांपाशी ते झोपले.

येथून त्या डब्यात वर सांगितलेल्या कायद्याचा अंमल सुरू झाला, आणि त्याची शिस्त पाहून कोणत्याही शासनाला हेवा वाटावा. जी माणसे ग्रंथालयात फोनवर बोलतात आणि स्मशानात जागांचे भाव विचारतात, तीच आता पाय उचलून ठेवू लागली. चहावाला नुसते ओठ हलवून चहा विकू लागला, खपही वाढला. तिकीट तपासणारा आला आणि त्याने केवळ भुवयांनी तिकिटे तपासली. एका प्रवाशाने आलेली शिंक गिळली. ती पुढे कुठे गेली हे वैद्यकशास्त्राने शोधावे. लिलाववाल्याचे स्टेशन आले. त्या गावी एका बंद पडलेल्या नाट्यगृहाचे सामान त्याची वाट पाहत होते. त्याने पोटावर पाहिले, खिडकीबाहेर पाहिले, आणि गाव शांतपणे मागे जाऊ दिले.

मग नकाशाकार कुजबुजले, "पुढचं आपलं."

आई उठली. तिने हात पुढे केले. बाळाचा खालचा ओठ थरथरला, आणि डब्याने एकत्र श्वास रोखला.

"हात लावू नकोस गं बाई," काकू घोगऱ्या कुजबुजीत म्हणाल्या. "आत्ता कुठं डोळा लागलाय."

"काकू, माझे वडील खाली उभे असतील."

"वडील काय, राहतील उभे. ते समजून घेतील. याला समजतंय का काही?"

"नाही उतरले तर परत बोलायचे नाहीत ते माझ्याशी."

"मग आत्ता कुठं बोलतायत?"

या युक्तिवादात तर्कदोष दाखवता येत नाही. भूलतज्ज्ञ बाई तशाच उभ्या राहिल्या, हात पुढे, अर्धवट वाकून, जणू एखादे पुष्कळ महाग आणि दुसऱ्याचे भांडे उचलायचे आहे. नवऱ्याने सामान उचलले, मग खाली ठेवले, मग पुन्हा उचलले. त्यांच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, पण आपण कोणत्या बाजूला आहोत हे त्यांना इतके अस्पष्ट कधी दिसले नव्हते. गाडी थांबली.

फलाटावर काठी घेतलेले, चकचकीत बुटांतले गृहस्थ एकेक खिडकी तपासत येत होते. या खिडकीशी आले. आत लेक दिसली, उभी, आणि उतरत नसलेली. तपासनिसांच्या आवाजाने एके काळी शाळेच्या शाळा दचकून उभ्या राहत. त्यांनी छाती भरून घेतली आणि तोंड उघडले.

लेकीने ओठांवर बोट ठेवले.

तिच्यामागे काकूंनी ठेवले, काकूंच्या मुलाने, अविवाहित तरुणाने, चहावाल्याने. तिकीट तपासणाऱ्याने तर दोन्ही हातांची बोटे ठेवली. बापाला गप्प बसा म्हणणारी लेक तपासनिसांच्या परिचयाची होती. तिच्या पाठीशी शासनयंत्रणा त्यांनी प्रथमच पाहिली.

रागाचे शास्त्र असे सांगते की त्याला अंतर लागते. फलाटावरून ओरडता येते, फोनवरून ओरडता येते, आणि तीन-चार वर्षे मुळीच न बोलणे हा तर सर्वांत लांबून ओरडण्याचा प्रकार आहे. परंतु ज्याला आवाज वापरण्याची बंदी झाली, त्याला रागावायचे असेल तर जवळ जावे लागते. तपासनिसांसमोर दुसरा मार्ग राहिला नाही. ते काठी टेकत, लेकीचा पाणउतारा करण्याच्या शुद्ध हेतूने, डब्यात चढले. गाडी सुटली. त्यांच्याजवळ तिकीट नव्हते. तिकीट तपासणारा खिडकीबाहेरचा निसर्ग पाहू लागला.

बाळ आणि लिलाववाला या दोहोंच्या पलीकडच्या बाकावर त्यांना जागा मिळाली. प्रथम त्यांनी बाळाचे निरीक्षण केले, जेवढे मागून होते तेवढे. मग पहिले वाक्य उच्चारले.

"टोपी कुठाय त्याची?"

"उकडतंय, बाबा."

"काय?"

तपासनिसांना हल्ली ऐकू कमी येत होते, आणि लेकीला कुजबुजीच्या वर जाण्याची परवानगी नव्हती. मध्ये लिलाववाला होता, पोटावर बाळ, दोन्ही कान मोकळे. वर्षानुवर्षे साठलेले भांडण त्यामुळे त्याच्या हातून जाऊ लागले.

"न विचारता लग्न केलंस, म्हणावं."

"विचारलं असतं तर हो म्हणाले असते का, विचारा त्यांना."

लिलाववाला तपासनिसांच्या कानाशी लागला. "नसतो म्हणालो," तपासनीस कुजबुजले, "पण विचारायचं तरी. मला नाही म्हणायची संधी नको का?"

"ती तुम्हाला जन्मभर होती," लेक म्हणाली.

लिलाववाल्याने क्षणभर विचार केला आणि पुढे सांगितले, "बाई म्हणतात, तुमची फार आठवण यायची."

"असं मी कुठं म्हटलं?"

"वाटेत मालाला थोडा हात लागतोच, वहिनी." मग धंद्याची सवय उफाळून आली. "हे बघा. बाबा घरातून स्टेशनपर्यंत आले, स्टेशनवरून गाडीत आले. बोली चांगली चढलीय. तुमच्याकडून काय? लवकर बोला. एकवार..."

लेकीने बाळाच्या पाठीवरचे दुपटे सारखे केले.

"दोनवार..."

"चुकलं माझं," लेक म्हणाली. "कळवायला हवं होतं. लग्न नाही चुकलं."

लिलाववाल्याने हे कोणतीही घट न होऊ देता पोचवले. तपासनीस बराच वेळ जावयाकडे पाहत होते. जावयांनी सामान अजून उचललेलेच होते. "खाली ठेवा ते," सासरे कुजबुजले. हे त्यांनी जावयाला उद्देशून काढलेले पहिले शब्द. लिलाववाल्याने तीनवार म्हणायला हातोडी नाही असे पाहून बाळाच्या पाठीवर तीन वेळा हलकेच थोपटले. कुजबुजत भांडण्यातली अडचण ही, की त्यात प्रतिष्ठा टिकत नाही: प्रथम लेकीला हसू फुटले, ते ती दाबते आहे हे पाहून काकूंना फुटले, आणि तपासनीस नातवंडाच्या झोपेत व्यत्यय नको म्हणून, केवळ त्या कारणाने, तोंडावर हातरुमाल धरून डोळे पुसत राहिले.

या गदारोळात बाळ जागे झाले. रडले नाही. त्याने मान वळवून सर्वांची तपासणी केली आणि समाधानकारक असा शेरा न देता जांभई दिली.

"धरा ना, बाबा," लेक म्हणाली.

त्यांनी धरले. ताठ बसून, निकालपत्रक धरावे तसे. मग हळूहळू वाकून, जसे कोणतीही वस्तू धरता येत नाही तसे. पुढच्या स्टेशनवर सर्वांनी उतरून उलट गाडीने माघारी यायचे ठरले. स्टेशन यायला अवकाश होता. बाळाने आजोबांचा चष्मा काढून घेतला, आणि चष्म्यावाचून पाहण्यासारखे काही उरले नसावे, कारण थोड्याच वेळात त्यांचे डोके मागे टेकले आणि डोळा लागला.

आता बाळ जागे होते. कायद्याचा अंमल संपला. चहावाल्याने बेंबीच्या देठापासून आरोळी दिली. गिळलेली शिंक परत आली. अविवाहित तरुणाने गाणी लावली, लिलाववाल्याने फोनवर नाट्यगृहाच्या मालकाची समजूत काढली (मालक मागे राहिलेल्या गावी होता, फोनची तशी गरज नव्हती), आणि काकूंनी तपासनिसांना खांद्याला धरून गदागदा हलवले. "अहो आजोबा! झोपताय काय? मान सांभाळा बाळाची!"

वाचकांपैकी जे सहृदय आहेत त्यांना बाळाला वारा तर लागला नाही ना, मधल्या वेळात त्याने दूध घेतले का, असे प्रश्न वाचताना पडले असतील. ते त्यांच्या सहृदयतेला शोभणारेच आहेत. बाळ सुखरूप होते. म्हातारा सकाळपासून फलाटावर होता, लेक आली की एकत्र जेवायला बसू असे घरी सांगून निघालेला. त्याच्या पोटात काही होते का, हे त्या डब्यात कोणी विचारले नाही, आणि आमच्या माहितीप्रमाणे आपणही विचारले नाहीत. (नव्हते.)