माझ्यामागचे चौदा म्हातारे

ही ओढ्याकाठची वाट मला तोंडपाठ आहे! डोळे बांधून सोडा, वीस मिनिटांत पबात पोचतो की नाही बघा. आईलाही मी तेच म्हणालो.

"एकच्या आत पोच, लिऑन," ती म्हणाली. "शाळा सोडलीस, पार्किंगचं काम सोडलंस. हे पबातलं भांडी घासायचंही घालवलंस, तर घरातली घासायची. फुकट!"

पार्किंगचं झगझगीत पिवळं जॅकेट तेवढं माझ्याकडे उरलं होतं. तेच चढवून निघालो.

पुलापाशी चौदा म्हातारे-म्हाताऱ्या काठ्या टेकून उभे. "गुड आफ्टरनून," मी म्हणालो. इंग्लंडात, आमच्या श्रॉपशायरच्या खेड्यात, म्हणावंच लागतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर जातं. ते एका सुरात "गुड आफ्टरनून!" ओरडले आणि माझ्यामागून चालायलाच लागले.

असतील त्याच वाटेचे! मी वेग वाढवला. मागची टकटक वाढली. मी थांबलो, टकटक थांबली. फाटक आलं. धरून ठेवलं, म्हटलं जाऊ दे पीडा पुढे. चौदा जण चौदा वेळा "थँक्यू" म्हणाले आणि पलीकडे माझी वाट बघत उभे राहिले!

शेवटी लघवीचं निमित्त काढून झुडपामागे घुसलो. आत गेल्यावर निमित्त खरं निघालं. वळून बघतो, तर सगळे शिस्तीत ओढ्याकडे तोंड करून उभे!

"सावकाश होऊ दे हं, बाळा!" एक आजी म्हणाल्या.

माझं डोकंच सटकलं! पाऊण वाजला होता. तोंडाला येतील त्या शिव्या देत सरळ ओढ्यात उतरलो. गुडघाभर पाणी. या आता!

"विनिफ्रेड, बूट काढायचे वाटतं," मागून एक आजोबा.

"पत्रकात नव्हतं हे, क्लाइव."

"गप गं. नवीन आहे बिचारा."

चौदा पँटी वर गेल्या. क्लाइव आजोबांचा एक बूट मात्र हातातून सुटून बदकासारखा वाहत निघाला. आता सोडून कसं जाणार? धावलो. बूट पकडला आणि तोंडावर आपटलो!

"पण तुम्ही माझ्यामागे का लागलात?" मी चिखल थुंकत ओरडलो.

"तूच म्होरक्या ना? आमच्या चालण्याच्या क्लबच्या पत्रकात लिहिलंय, पिवळ्या जॅकेटमागे चाला."

"मग विचारायचं ना एकदा!"

"असं कसं विचारणार? उद्धटपणा दिसतो!"

पबात पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. मालकीणबाई मॉरीन दारातच. "उशीर! वर हा चिखल? चल, नीघ!"

माझ्यामागून विनिफ्रेड आजींनी डोकं काढलं. "रविवारची चौदा रोस्ट जेवणं मिळतील का? आमच्या म्होरक्यानं इथंच आणलं."

मॉरीननं रिकाम्या टेबलांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या अंगावर एप्रन फेकला. "आधी फरशी पूस!"

खरा म्होरक्या पुलावर पाच मिनिटं उशिरा आला होता म्हणे.

भांडी गोळा करताना एका ताटाखाली त्यांच्या क्लबचा अभिप्राय सापडला. 'वेग: उत्तम. भाषा: नवीन शब्द कळले. लघवीची जागा: निसर्गरम्य. पुढच्या रविवारी हाच हवा.'

आईनं तो फ्रिजवर चिकटवलाय. काय करणार, शाळेनं असा शेरा मला कधी दिलाच नव्हता!