दिगंबर जमादारांचे सोयरे

दिगंबर जमादार गाडी अडवली की आधी लायसन मागत नसत. मामाचं गाव विचारत.

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाला मोठा असा एकच चौक. तिथं माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान, आणि समोरच जमादारांची ड्यूटी. कुणी बिनहेल्मेटचा सापडला की पहिला प्रश्न, "कुणाचा हाईस?" मग, "मामा कुठले?" मग, "आत्या कुठं दिलीय?" तिसऱ्या प्रश्नाला नातं निघायचंच. कुणी साडूच्या चुलतभावाचा जावई, कुणी वहिनीच्या माहेरचा. नातं निघालं की हातातलं मशीन खिशात. पावती आता मशीनवर होते, पण तोंडात शब्द जुनाच.

"सोयऱ्याची पावती फाडावी का? जा. पर हेल्मेट घाल, न्हायतर आत्याला सांगीन."

पोरं त्या मशीनपेक्षा आत्याला जास्त भीत. दुसऱ्या दिवशी खरंच हेल्मेट घालून येत.

"अशानं सगळा तालुका तुमचा पाव्हणा निघंल," मी एकदा म्हणालो.

"निघालाच हाय की, नाना. तुमीच तेवढे ऱ्हायलाव. तुमचं आजोळ परंड्याकडं म्हणलाव न्हवं?"

मग नवे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर आकडा आला. रोज इतक्या पावत्या झाल्याच पाहिजेत. दर सोमवारी सगळ्यांना उभं करून ज्याचा त्याचा आकडा वाचला जाई. जमादार कायम तळाला. साहेब सगळ्यांदेखत विचारत, "काय पाव्हणे, या आठवड्यात किती सोयरे सोडले?" काल भरती झालेले शिपाई हसत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले जमादारही हसत. दुकानात येऊन मला सांगतानासुद्धा हसत. ते हसणं बघवायचं नाही.

जमादारांना मूलबाळ नव्हतं. बायको जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा त्यांनी वर्षश्राद्धासाठी एका दिवसाची रजा मागितली. अर्ज परत आला. "आधी आकडा, मग रजा."

श्राद्धाच्या दिवशी ते चौकात उभे होते. दुपारी माझ्याकडं पाणी प्यायला आले आणि भरलेला ग्लास तसाच ठेवून परत चौकात गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काळा चष्मा लावला. आता एकच वाक्य होतं. "नाव सांगू नको. लायसन दाव." नजर नंबरप्लेटवर, वर चेहऱ्याकडं बघायचंच नाही. महिनाभरात त्यांचा आकडा पहिला आला. साहेबांनी पाठ थोपटली. गावानं पाठ फिरवली. लग्नात जमादार पंगतीला बसले की शेजारचा माणूस ओळखीचं कुणी दिसल्यागत उठून जायचा. पत्रिकांवर नावं घालायला लोक माझ्याच दुकानात बसत. जमादारांचं नाव निघालं की पुढचं घेत.

अशातच, ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी एक ट्रिपल सीट मोटारसायकल त्यांनी अडवली. पुढं चाळिशीचा माणूस, मागं त्याची बायको, आणि मधे डोक्यावरून पदर ओढलेली म्हातारी. सून तिला पाठीमागून धरून बसलेली.

"आई आजारी हाय, दवाखान्यात न्यालोय. वळखलं न्हाय का? आमी…"

"नाव सांगू नको. लायसन दाव."

जमादारांनी लायसनवरचं नावही वाचलं नाही, नुसता गाडीचा नंबर मशीनवर टाकला. मशीनला रेंज नव्हती. पावती निघेपर्यंत दहा मिनिटं ती तिघं उन्हात उभी होती. मी दुकानातून बघत होतो. उठलो नाही, हेही सांगायला हवं.

तीन आठवड्यांनी तो माणूस माझ्या दुकानात आला. सास्तूरचा होता. म्हणाला, "आई दवाखान्यातनं घरी आलीय. जावयाला बोलावलंय तिनं. म्या काय त्यांच्याशी बोलणार न्हाय, तुमीच निरोप द्या."

मी निरोप दिला. जमादारांनी चष्मा काढला आणि माझ्या बाकड्यावर बसले. तेव्हा कळलं. त्यांच्या बायकोचं सगळं घर त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं होतं. उरली ही एक मावशी, त्या दिवशी गाडीवर मधे बसलेली म्हातारी. तिनंच पोरीला वाढवलं, तिनंच लग्न लावून दिलं. साऱ्या तालुक्यात पाव्हणे शोधत हिंडणाऱ्या या माणसाला खरं नातं म्हणावं असं तेवढंच एक घर उरलं होतं.

रविवारी मी त्यांना सास्तूरला घेऊन गेलो. मावशी पत्र्याच्या सावलीत बाजेवर होती. जमादार उंबऱ्याशीच थांबले.

"या जावई, बसा. भाकरी खाल्लाव का?"

"मावशी, तुमी त्या दिशी बोलायचं तरी."

"काय बोलू? तुमी म्हणलाव, नाव सांगू नका. ड्यूटीवर व्हताव. चार माणसांत जावयाला खाली कसं बघाय लावू?"

जमादार बाजेजवळ जमिनीवर बसले. मावशीनं त्यांच्याकडं निरखून बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "साहेब लई टाकून बोलतोय म्हणं तुमाला. ह्या महिन्याचं पुरं झालं का? झालं नसंल तर आपली गाडी दारातच हाय. आजून एक पावती फाडा."

जमादारांनी तिच्या पायांवर हात ठेवले, आणि ते काढलेच नाहीत. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.