मेन स्ट्रीटसाठी दोन शब्द

मोरेश्वर देवपुजारी सिटी कौन्सिलच्या सभेला पोचले तेव्हा सभा निम्मी होऊन गेली होती. पार्किंग मिळालं नव्हतं. दारातल्या बाईंनी विचारलं, "मेन स्ट्रीटच्या विषयावर बोलायला आलात का?" मोरेश्वर मेन स्ट्रीटच्याच विषयावर बोलायला आले होते. ते "हो" म्हणाले, आणि पुढचं सगळं रामायण त्या एका होकारातून घडलं.

मोरेश्वर मूळचे नागपूरचे. चँडलरला चिपच्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि राहायला शेजारच्या एका लहान शहरात. तिथल्या मराठी मंडळाचे ते यंदा अध्यक्ष होते. गणपतीची मिरवणूक डाउनटाउनमधून काढायची असं मंडळाच्या फार मनात होतं, पण शहराचं दरवर्षी एकच उत्तर येई: एवढ्याशा लोकांसाठी मेन स्ट्रीट बंद करता येणार नाही. म्हणून यंदा मोरेश्वरांनी स्वतः जाऊन बोलायचं ठरवलं. भाषण लिहिलं ते पेशव्यांपासून. ते त्यांच्या मुलीनं, निधीनं कापलं.

"बाबा, दे गिव्ह यू टू मिनिट्स," ती म्हणाली. "गणेशा कोण, विसर्जन व्हॉट, यातच टाइम जाईल. जस्ट से 'अवर ट्रॅडिशन'. दे'ल गेट इट."

खुर्चीला पाठ टेकते न टेकते तोच मोरेश्वरांचं नाव पुकारलं गेलं. आत चर्चा कशावर चालली आहे हे ऐकायला त्यांना वेळच मिळाला नाही. चर्चा अशी होती की मेन स्ट्रीटचा मधला भाग दर शनिवारी संध्याकाळी गाड्यांना बंद करावा आणि तेवढ्या हद्दीत लोकांना दारूचे पेले हातात घेऊन उघड्यावर हिंडू द्यावं की नाही. सभागृहाचे उभे दोन तट पडले होते. डावीकडे बारवाले, उजवीकडे चर्चची मंडळी.

मोरेश्वरांनी घसा साफ केला. बोलले अर्थात इंग्रजीत, पण बोलले ते असं:

"आमच्या समाजात ही परंपरा फार जुनी आहे. आमच्याकडे यासाठी लाखो लोक रस्त्यावर उतरतात, आज्यासुद्धा येतात. मी चार वर्षांचा होतो तेव्हा वडिलांनी मला खांद्यावर बसवून पहिल्यांदा नेलं. तेव्हा जी गोडी लागली ती आजतागायत सुटलेली नाही. घरात एरवी तोंड न उघडणारी माणसं त्या दिवशी भर रस्त्यात नाचतात. थोडा आवाज होतो, मी लपवत नाही. पण दुसऱ्या दिवशी रस्ता आम्ही स्वतः झाडून देतो. आणि आम्ही एकटे कधी घेत नाही. जो समोर येईल त्याच्या हातावर ठेवतो, ओळख असो वा नसो."

मार्गारेट हॉलबर्ट नावाच्या एक वयस्कर सदस्य होत्या. त्यांनी त्या संध्याकाळी एकाही वक्त्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. त्यांनी आता चष्मा काढला.

"आणि मुलांचं काय?" त्यांनी विचारलं.

"मुलांना आधी देतो," मोरेश्वर म्हणाले. "मग मोठे घेतात."

डावी बाजू हसून लोळायची बाकी राहिली. टाळ्या झाल्या. डेल नावाच्या एका धिप्पाड, दाढीवाल्या माणसानं मोरेश्वरांना मिठीत घेतलं आणि तसंच बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये नेलं. तिथे त्यांच्या हातात एक नारिंगी प्लास्टिकचा पेला दिला गेला आणि फोटो काढले गेले. आपल्या मिरवणुकीचं या लोकांना एवढं कौतुक आहे हे पाहून मोरेश्वरांना भरून आलं. मग त्यांचं लक्ष पेल्यावरच्या चित्राकडे गेलं. फेसाळलेला बिअरचा मग होता. डेलचा बिअरचा कारखाना आहे हेही तेव्हाच कळलं.

ते धावत आत गेले. दारूचा ठराव हॉलबर्टबाईंच्या एका मतानं पास झाला होता. त्याच्या पाठोपाठ मिरवणुकीचा विषय निघाला होता आणि अर्जदार हजर नाही म्हणून पुढच्या सभेवर ढकलला गेला होता.

सकाळी गावच्या बातम्यांच्या साइटवर मोरेश्वरांचा पेल्यासह फोटो होता. मथळा होता, 'वडिलांच्या खांद्यावर लागली गोडी'. पहिला फोन मंडळाचा सेक्रेटरी प्रसाद याचा आला.

"काका, ग्रुपवर एक फोटो फिरतोय. एडिट केलेला आहे ना?"

"फोटो खरा आहे रे, पण—"

"आणि ते मुलांना आधी देतो वगैरे?"

"तेही मीच बोललो, पण ते प्रसादाबद्दल होतं."

"माझ्याबद्दल?" प्रसाद म्हणाला. यातच बराच वेळ गेला.

मंडळाची मराठी शाळा चालवणाऱ्या वैदेहीकाकू ग्रुप सोडून गेल्या. आणखी काही बोलायचं राहिलं होतं म्हणून परत आल्या आणि ते लिहून पुन्हा सोडून गेल्या. संध्याकाळपर्यंत फोटो नागपूरला पोचला.

"मोरू," आई फोनवर म्हणाली, "तुला काय प्यायचं ते पी बापा. पण तुझे बाबा जन्मात सुपारीला शिवले नाहीत. त्यांना कशाला मध्ये घेतलंस?"

ते मात्र मोरेश्वरांना फार लागलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. त्यांची बायको मीनाक्षी म्हणाली, "एवढं मनाला लावून कशाला घेता? पुढच्या सभेत जाऊन सरळ सांगा, मी मिरवणुकीबद्दल बोलत होतो म्हणून. विषय संपला."

पुढच्या सभेला दोघं वेळेआधी गेले. दारात त्याच बाई होत्या. त्यांनी हसून आनंदाची बातमी दिली. मिरवणूक आज मंजूर होणार होती. शनिवारी रस्ता आता बंदच राहणार, मग अडचण कसली? त्यातच एक तास ढोल वाजले तर वाजले.

"आणि तो दारूचा ठराव जर मागे घेतला गेला तर?" मोरेश्वरांनी विचारलं.

"मग रस्ता गाड्यांना खुला," बाई म्हणाल्या. "आणि तुम्हाला नेहमीचं उत्तर."

आत उजवी बाजू त्याच तयारीनं आली होती. त्यांच्यातले एक गृहस्थ उठून म्हणाले, "हॉलबर्टबाईंनी एका माणसाच्या बोलण्यावरून मत बदललं. तो माणूस इथे बसला आहे. तो आपल्या शब्दांवर ठाम आहे का, ते त्यालाच विचारा."

मेयरनी विचारलं. मीनाक्षीनं कोपरानं ढोसलं, "उठा, सांगून टाका."

मोरेश्वर उठले. त्यांना आईचा आवाज आठवला. गॅरेजमध्ये गवसणी घालून ठेवलेले ढोल आठवले. नाशिकहून ते मागवताना मंडळात झालेली भांडणं आठवली. ते माइकपाशी गेले.

"मागच्या सभेत मी जे बोललो," ते शेवटी म्हणाले, "ते शब्दन् शब्द खरं होतं. त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही."

ते जागेवर येऊन बसले. मीनाक्षी त्यांच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तशी पाहत होती.

"हे काय केलंत?"

"खोटं काय बोललो ते सांग," मोरेश्वर हळूच म्हणाले.

अनंत चतुर्दशीनंतरच्या शनिवारी मेन स्ट्रीटवरून मिरवणूक निघाली. मंडळानं मोरेश्वरांना माफ केलं होतं, कारण रस्ता मिळाला होता. वैदेहीकाकू लेझीम घेऊन सर्वांत पुढे होत्या. दोन्ही बाजूंना नारिंगी पेले घेतलेले लोक उभे होते. आधी ते अदबीनं मागे सरकले, मग ढोलानं जोर धरला तसे पुढे आले. काहींनी पेले फुटपाथवर ठेवले आणि नाचायला लागले. काहींनी ठेवले नाहीत, तेही नाचायला लागले. निधी व्हिडिओ कॉलवर नागपूरला सगळं दाखवत होती.

"सगळ्यांच्या हातात काय आहे गं ते?" आजीनं विचारलं.

"सरबत, आजी," निधी म्हणाली. हे वाक्य तिला इतक्या शुद्ध मराठीत कधी जमलं नव्हतं.

गर्दीतून हॉलबर्टबाई वाट काढत मोरेश्वरांपाशी आल्या. पालखीतल्या गणपतीकडे त्यांनी नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही याबद्दलच बोलत होतात ना?"

मोरेश्वरांचे कान गरम झाले. इतके दिवस मनात घोळवलेली माफी ते मागायला लागले. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मला तेव्हाच कळलं होतं. मुलांना दारू आधी देणारी परंपरा जगात कुठेही नसणार."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"या रस्त्यावरची निम्मी दुकानं बंद पडली आहेत, मिस्टर देवपुजारी. मला ठरावाला हो म्हणायचंच होतं. पण माझं अख्खं चर्च समोर बसलं होतं. त्यांना तोंड दाखवायला काहीतरी कारण लागणार होतं. वडिलांच्या खांद्यावर बसलेल्या मुलाला माझ्या चर्चमधलं कोण नाही म्हणणार?"

मोरेश्वरांनी बाईंच्या हातावर एक मोदक ठेवला. बाईंनी तो उभ्या उभ्या खाल्ला आणि बोटं पुसत म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात कुत्र्यांच्या बागेवर मतदान आहे. तेही अडलंय. येऊन दोन शब्द बोलाल का? कशावरही बोला, चालेल."

"अहो, नाही म्हणा," मीनाक्षी मागून मराठीत म्हणाली.

मोरेश्वरांनी उपरण्यानं कपाळावरचा गुलाल टिपला.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.