हवाबंद पाहुणे

"तुमच्याकडे फुटके पाहुणे सवलतीत मिळतात ना?" फोनवरच्या पुण्याच्या माणसाने विचारलं.

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याजवळ आपल्या घरापुढच्या खळ्यात रुक्मिणी बांगडे कापत बसली होती. तिने मोबाइल खांद्याने कानाशी दाबून धरला आणि सांगितलं, "फुटके आमी घेणव नाय. अख्खे येवा. आनी येताना टॉवेल घेवन येवा."

तो माणूस इतका हसला की रुक्मिणीला फोन कानापासून लांब धरावा लागला. हसून झाल्यावर त्याने दिवाळीसाठी एक खोली मागितली. "आम्ही दोघं येतोय, आणि दोघंही अख्खे आहोत," असंही त्याने सांगून ठेवलं.

रुक्मिणी आणि तिचा नवरा भिकाजी यांनी त्या वर्षी होडी विकून घरामागे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. दिवाळीत त्या भरल्या नाहीत, तर भिकाजीला दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जावं लागणार होतं. आयुष्यभर स्वतःच्या होडीचा तांडेल असलेल्या माणसाला त्या विचारानेच जेवण जात नव्हतं. हल्ली लोक इंटरनेटवर बघून येतात असं कळल्यावर नवराबायको वर्षालीकडे गेली होती.

वर्षाली पुण्यात वेबसाइट बनवायला शिकून गावी परतली होती आणि बाजारात एका दुकानाच्या वर तिने ऑफिस थाटलं होतं. आत्मविश्वासाची तिला कधी टंचाई नव्हती. कॉलेजच्या मुलांना ती ऐटीत सांगायची, "चांगला प्रोग्रामर आळशी असतो. एकदा केलेलं काम तो दुसऱ्यांदा करत नाही." त्या न्यायाने तिने मुजम्मिलशेठच्या काजू कारखान्याची आधी आपणच बनवलेली वेबसाइट उचलली, फोटो बदलले, फोन नंबर बदलला आणि सगळ्या पानांवर 'काजू' या शब्दाच्या जागी 'पाहुणे' घालण्याचा हुकूम कॉम्प्युटरला दिला. आतला मजकूर नंतर निवांत बदलायचा होता. पण वीज डोळे मिचकावू लागली, म्हणून तिने घाईने साइट चढवून टाकली. पहिलं पान उघडून पाहिलं. समुद्र होता, माड होते, भिकाजी हसत होता. वर्षाली समाधानाने चहा प्यायला गेली.

दुसरा फोन ठाण्याच्या बाईंचा आला. "तुम्ही पाहुणे हवाबंद डब्यात पाठवता म्हणे. आमच्या सासूबाईंना तसं पाठवता येईल का?"

"डबो नाय आमच्याकडे," रुक्मिणी म्हणाली. "तेंका एस्टीत बसवन धाडा. मी उतरवन घेतंय."

बाईंनी सासूबाईंसकट चौघांसाठी खोली घेतली. त्यानंतर एकाने खारे पाहुणे आहेत का विचारलं, तेव्हा मात्र रुक्मिणी हात धुऊन थेट वर्षालीच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली.

"गो बाय, तू काय लिवलंस ता माका वाचून दाखव."

वर्षालीने आतलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. "आमचे पाहुणे कडक उन्हात वाळवून, मंद आचेवर भाजून, हाताने सोलले जातात. नंतर आकारानुसार निवडून..." इथे तिने पान बंद करायला माउस धरला.

"वाच गो फुडे."

"खवट निघालेले पाहुणे बदलून मिळतील."

रुक्मिणीने कपाळावर हात मारला. "भाजतत आनी सोलतत? ह्या वाचून लोक खोल्यो मागतत?"

"काकी, आत्ता बदलतंय," वर्षाली म्हणाली, आणि नेमकं त्याच वेळी इंटरनेट गेलं. कुणीतरी गटारासाठी रस्ता खणताना टेलिफोनची केबल तोडली होती. वर्षालीने एस्टी पकडली आणि सावंतवाडीला जाऊन एका सायबर कॅफेत सगळा मजकूर नव्याने लिहिला. 'निसर्गरम्य परिसर, घरगुती जेवण, विनम्र सेवा.' तोवर जुनं पान ईमेलवरून पुण्यामुंबईच्या कितीतरी कचेऱ्यांत फिरून आलं होतं.

दिवाळीत सगळ्या खोल्या भरल्या. पाहुणे वाळूत पडून स्वतःला वाळवत होते आणि रुक्मिणीशी गप्पा मारत होते. भिकाजी मासे तळत होता. वर्षाली ऐटीत येऊन सांगून गेली, "काकी, ह्याका ऑनलाइन मार्केटिंग म्हणतत."

पण दिवाळी संपली आणि फोन बंद झाला. तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी एकही विचारणा नाही. भिकाजी संध्याकाळी जेटीवर जाऊन ट्रॉलर बघू लागला, तेव्हा रुक्मिणीने वर्षालीला घरी बोलावून घेतलं.

"आता काय लिवलंस?"

वर्षालीने लॅपटॉप उघडून वाचून दाखवलं. रुक्मिणीने ऐकून घेतलं.

"विनम्र म्हणजे कोण? मी?"

वर्षालीने लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला.

"पुसून टाक ता. मी सांगतंय, तू लिव. मासो जाळ्यात गावात तोच मिळतलो. पनीर मागू नकात. मच्छर आसत, मच्छरदाणी दितंय. घोरणाऱ्यांका मागची खोली. रुसान इल्यात तर भांडाण पडवीत सोडवन मगेच खोलीत जावचा."

"काकी, असा कोण लिवता? जरा प्रोफेशनल..."

"लिव गो."

वर्षालीने नाइलाजाने एक एक शब्द टाइप केला. आठवडाभरात रुक्मिणीचा फोन पुन्हा वाजू लागला. नाताळाच्या खोल्या गेल्या, आणि भिकाजीने जेटीकडे जाणं सोडलं.

एके दिवशी वर्षाली पडवीत बसून आंबोळी खात असताना आंबोलीच्या एका लॉजमालकाचा रुक्मिणीला फोन आला. त्यांनी वेबसाइट पाहिली होती. तसाच मजकूर त्यांनाही हवा होता. वर्षालीने बोटं पुसली, ताठ बसली आणि फोनसाठी हात पुढे केला.

रुक्मिणीने फोन दिला नाही.

"लिवतंय मीच," वर्षालीकडे बघत ती लॉजमालकाला म्हणाली. "पण माका कॉम्प्युटर येना नाय. टाइप करूक माझ्याकडे एक चेडू आसा. हुशार आसा. तेका घेवन येतंय."