डगचं पनीर

सासूबाई शनिवारी यायच्या होत्या आणि शुक्रवारी संध्याकाळी नीलांबरीच्या गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये पाव गाय येऊन बसली.

शेजारचा डग दर वर्षी डोंगरापलीकडच्या एका शेतकऱ्याकडून थेट गायीचा चौथा हिस्सा विकत घ्यायचा. खाटकानं कापून, पांढऱ्या कागदात बांधून, वर शिक्के मारून दिलेली पुडकी त्याच्या घराला वर्षभर पुरायची. यंदा खोकी घरी आली आणि त्याच दिवशी त्याच्या फ्रीझरनं मान टाकली. नवा यायला वेळ होता. डग दारात टोपी हातात धरून उभा होता. "तुमच्यात हे चालत नाही, माहीत आहे मला. पण..."

"अरे, ठेव ना!" नीलांबरीनं त्याला पुढे बोलूच दिलं नाही.

नाही म्हणणार तरी कसं? मार्चमध्ये तिचा नवरा मनोहर शिकागोच्या विमानतळावर बर्फात अडकला असताना ईशाननं तीन आठवडे आधीच जगात यायचं ठरवलं होतं. तेव्हा डगनंच तिला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं होतं, आणि मनोहर पोचेपर्यंत तो बाहेरच्या खुर्चीवरून उठला नव्हता. त्यानं फ्रीझरच काय, घर मागितलं असतं तरी तिनं दिलं असतं. खोवलेला नारळ, मटार आणि पुरणाचे गोळे निमूटपणे स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये गेले.

सासूबाई, म्हणजे सुहासिनीबाई, मिरजेच्या पोस्टात पार्सलं सांभाळून रिटायर झालेल्या. शेजारच्या घरात अंडं फुटलं तरी त्यांना वास यायचा. अमेरिकेत बेलव्ह्यूला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी वॉशिंग मशीन बघायला म्हणून त्या गॅरेजमध्ये गेल्या आणि भलतंच झाकण उघडून उभ्या राहिल्या.

"मनू, एवढी पुडकी कसली रे ही?"

"पनीर," मनोहर म्हणाला.

"एवढं?"

"आपलं नाही गं. शेजारच्या डगचं. व्हेजिटेरियन आहे तो."

नीलांबरीनं डोळे मिटून घेतले. डग साडेसहा फूट उंच होता आणि दर ऑक्टोबरात हरणाच्या शिकारीला जायचा.

"गुणाचा माणूस!" सुहासिनीबाईंनी झाकण लावलं.

त्या दिवसापासून गुणाच्या माणसाकडे थालीपीठं जाऊ लागली, घावन जाऊ लागले, आणि एका रविवारी तर त्यांनी त्याला जेवायलाच बोलावलं. "मटार-पनीर करू. त्याच्याच पुडक्यातलं एक काढून आण गं."

नीलांबरी गॅरेजमध्ये गेली, तिथूनच गाडी काढली आणि इंडियन स्टोअरमधून पनीर घेऊन आली. डगनं तीनदा मागून घेतलं. "मॅम, हे चीज भन्नाट आहे!"

"तुझ्यामुळेच झालं हो सगळं," सुहासिनीबाई आपल्या पोस्टातल्या इंग्रजीत म्हणाल्या. मनोहरला जोराचा ठसका लागला. त्यावर त्यांनी त्याला पाणी दिलं आणि नव्यानं वाढायला घेतलं.

"यार मनोहर, आईंना खरं सांगून टाक ना," नीलांबरी रात्री म्हणाली.

"पागल आहेस का? पुढची फ्लाइट पकडून जाईल ती. पहिल्यांदा आलीय नातवाकडे."

तेही खरंच होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

डिसेंबरात, डगचा नवा फ्रीझर यायच्या आधीच, वादळ आलं. झाडं तारांवर पडली आणि सगळ्या गावाची वीज गेली. डग बायको-मुलांना घेऊन सासुरवाडीला स्पोकेनला गेलेला, आणि घाटातला रस्ता बंद. सकाळी त्याचा फोन आला. "जमेल तेवढं बघा. नाही वाचलं तर वाईट वाटून घेऊ नका." त्याचा आवाज मात्र रडवेला होता. तीन वाढती मुलं होती घरात.

ईशानला आजीपाशी ठेवून दोघं बर्फ शोधायला निघाली. पेट्रोलसाठी ही रांग, जनरेटर संपलेले, बर्फाची एक पिशवीसुद्धा कुठे मिळेना. दुपारी ती दोघं हात हलवत परत आली.

गॅरेजचा उजेडासाठी उघडलेला दरवाजा मात्र लांबूनच दिसला. "गेलं! उघडलं असणार तिनं," मनोहर म्हणाला आणि गाडीतून जवळजवळ उडीच मारली.

आत सुहासिनीबाई स्वेटर, कानटोपी घालून खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर ईशान झोपलेला. समोर फ्रीझर घरातल्या ब्लँकेटांत नखशिखांत गुंडाळलेला, आणि त्याच्यावर सगळ्यात वर त्यांच्या जुन्या साड्यांची गोधडी होती. नातवासाठी चार महिने खपून त्यांनी ती शिवली होती आणि बॅगेत दुसरं काही मावो न मावो, पण ती आणली होती.

"झाकण उघडायचं नाही," त्या म्हणाल्या. "गोधडीत ऊब राहते तशी थंडीही राहते."

"आई, अगं पनीरसाठी गोधडी कशाला..." मनोहर म्हणाला.

"पनीरला हाडं कधी फुटली रे, मनू? वर टी-बोन लिहिलंय. झाकण उघडलं तेव्हाच वाचलं मी. जन्म गेला पार्सलांवरची अक्षरं वाचण्यात."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" नीलांबरीनं विचारलं. "आणि ते मटार-पनीर?"

"तुम्ही कुठवर जाताय ते बघत होते." त्या खुदकन हसल्या. मग ईशानच्या जावळावरून त्यांनी हात फिरवला. "मी हे खाणार नाही आणि शिवणारही नाही. पण तुला कळा येत होत्या तेव्हा मी मिरजेत देवापुढे बसण्यापलीकडे काही करू शकले नाही. तुझ्यापाशी हा माणूस होता. त्याच्या लेकरांचं अन्न आहे ते. सोपवलेलं पार्सल जसंच्या तसं पोचवायचं, आत काय आहे त्याची पोस्टानं पंचाईत करायची नसते."

नीलांबरीनं खाली बसून सासूबाईंच्या गार पडलेल्या पायांत स्वतःचे मोजे चढवले.

वीज तिसऱ्या दिवशी आली. डग आला तेव्हा एकूण एक पुडकं दगडासारखं घट्ट होतं. त्यानं गोधडीची घडी दोन्ही हातांत घेतली, आणि एवढा मोठा माणूस सुहासिनीबाईंपुढे कमरेत वाकला.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा दारात आला. हातात पांढऱ्या कागदातलं एक पुडकं, वर लाल फीत. मनोहरच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅम, तुमच्यासाठी. त्याच शेतावरचं आहे."

सुहासिनीबाईंनी सवयीनं पुडकं उलटंसुलटं करून वरची अक्षरं वाचली. जाड काळ्या पेननं, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पनीर.

"तुमच्या घरात त्याच्यावर सगळ्यांचा इतका जीव," डग लाजत म्हणाला. "म्हणून तिथलं दूध आणून आम्ही घरीच केलं. जमलंय की नाही, देव जाणे."

सुहासिनीबाईंनी पुडकं छातीशी धरलं. डोळे भरून आले होते, पण लेकाला सोडतील तर त्या कसल्या!

"बघ मनू, देवमाणूस आहे. तुझं खोटंसुद्धा त्यानं खरं करून दाखवलं."