वालपारैची गाडी

चौथ्या वळणावर बस पुन्हा अडकली. नाचिमुत्तूंनी आधी कीबोर्डवर थाप मारली, मग माउसवर, मग टेबलावर. पडद्यावरची बस अर्धी रस्त्यावर, अर्धी दरीवर अशी थिजून राहिली होती.

"अण्णा, उतरून धक्का मारू का?" मागच्या खुर्चीवरून मरुदाचलमनं विचारलं.

मरुदाचलम हा नाचिमुत्तूंचा कंडक्टर. पोळ्ळाची ते वालपारै, चाळीस वळणांचा घाट, दोघं बावीस वर्षं एकाच बसवर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी मरुदाचलम अजून नाचिमुत्तूंच्या मागेच बसायचा आणि गळ्यातली शिट्टी त्यानं काही काढली नव्हती.

संगणक बारा वर्षांचा होता. मुलगी पूंगोडी कॉलेजात असताना घेतलेला. ती आता चेन्नईला होती. उन्हाळ्यात आली तेव्हा तिनं त्यात बस चालवायचा हा खेळ घालून दिला. कुणी हौशी पोरांनी त्या खेळात वालपारैचा रस्ता जसाच्या तसा बसवला होता. आळियारचं धरण, वळणांचे नंबर लिहिलेल्या पाट्या, वरचे चहाचे मळे, सगळं. पण त्या जुन्या संगणकावर बस चालायची नाही. एक चित्र यायचं, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरं चित्र.

नाचिमुत्तूंना खेळाचा शौक नव्हता. त्यांना बायकोला वालपारैला न्यायचं होतं.

एकतीस वर्षं ते त्या घाटात बस चालवत होते आणि अरुक्काणीला एकदाही बरोबर नेलं नव्हतं. ती म्हणायची, "पुढच्या सीटवर बसवून न्या की एकदा." ते म्हणायचे, "तू शेजारी असलीस तर माझा पाय ब्रेकवरनं निघायचा नाही. रिटायर झालो की नेतो." संध्याकाळी ते घरी आले की ती विचारी, "वर काय असतं हो?" आणि शर्ट खुंटीला अडकवता अडकवता ते सांगत, "वळणं." ते निवृत्त झाले त्याच वर्षी तिच्या कानात काहीतरी बिघडलं. चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी घाटाचा रस्ता तिला कायमचा बंद केला. तेव्हापासून 'नेतो' हा शब्द नाचिमुत्तूंनी तोंडातून काढला नव्हता.

आता पूंगोडीचं दुसरं बाळंतपण होतं. विजयादशमीच्या संध्याकाळच्या गाडीनं अरुक्काणी सहा महिन्यांसाठी चेन्नईला जाणार होती.

"त्याआधी तुला वर नेऊन आणतो," नाचिमुत्तूंनी जाहीर केलं. "संगणक दुरुस्त करून घेतो."

"तो बिघडलाय कुठं?" अरुक्काणी म्हणाली. "हळू चालतोय. चालू द्या की."

"ही बस आहे का लग्नातला अल्बम? आणि या बाणांच्या बटणांवर इडलीचं पीठ कुणी सांडलं?"

अरुक्काणी ग्राइंडरकडे वळली.

बसस्टँडसमोर तामरैचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. ती नाचिमुत्तूंना मानानं 'अय्या' म्हणायची, ते तिला लाडानं 'कण्णू'. तिनं संगणकाचा डबा उघडला, आत फुंकर मारली आणि स्वतःच शिंकली.

"अय्या, यात रॅम कमी आहे."

"म्हणजे काय, कण्णू?"

"म्हणजे बसायला जागा नाही. निम्मी माणसं दारात लोंबकळताहेत."

हे नाचिमुत्तूंना लगेच कळलं. नवी रॅम बसली. जुनी मात्र ते घरी न्यायला तयार होईनात.

"डेपोत जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा देत नाहीत. जमा करून घे."

"अय्या, मी याचं काय करू?"

"ते स्टोअरवाल्यानं बघायचं."

तामरैनं हसून ती एका कापडी पिशवीत टाकली आणि पिशवीवर त्यांचं नाव लिहिलं.

त्या दिवशी बस सातव्या वळणापर्यंत गेली. आठव्याला थिजली.

"आता जागा आहे, पण इंजिन नाही," तामरैनं सांगितलं. ग्राफिक कार्ड घ्यावं लागणार होतं. ते आलं तेव्हा विटेएवढं निघालं. संगणकाच्या डब्यात हार्डडिस्कचा पत्र्याचा कप्पा होता, तो आडवा येत होता.

"डबाच बदलू या," तामरै म्हणाली.

"पत्रा आड आला म्हणून आम्ही कधी बस बदलली नाही," असं म्हणून नाचिमुत्तू सगळं उचलून घरी घेऊन आले. मरुदाचलमनं डबा धरला, नाचिमुत्तूंनी करवतीनं कप्पा कापला. मोकळी झालेली हार्डडिस्क फुलं ओवायच्या दोऱ्यानं बांधून टाकली. कार्ड बसलं. फक्त डब्याचं बाजूचं झाकण आता लागत नव्हतं.

"हवा चांगली येईल," मरुदाचलम म्हणाला.

बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला. नव्या कार्डाला जुना एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, पुरेना. मोठा आणला, जुना पिशवीत जमा केला. आता संगणक सुरू झाला, पण त्याच वेळी स्वयंपाकघरात अरुक्काणीनं ग्राइंडर लावला आणि सगळ्या घराची वीज गेली. जुन्या वायरिंगला दोन्ही झेपत नव्हतं. घरात एक तर बस चालणार होती, नाहीतर ग्राइंडर.

तीन दिवस घरात इडली झाली नाही. मरुदाचलम एकटा माणूस, रोज सकाळी तिथंच खायचा.

"वहिनी, आज पण उपमा?"

"तुमच्या अण्णांची बस घाट चढेपर्यंत उपमाच."

चौथ्या दिवशी मरुदाचलमनं ग्राइंडर आपल्या घरी नेला. तेव्हापासून रोज पहाटे तो पिठाचं पातेलं डोक्यावर घेऊन गल्लीतून यायचा. लोक विचारायचे, "काय कंडक्टर, आता लगेज पण?"

नवमीला आयुधपूजा होती. संगणक आदल्या दिवशीच तयार झाला होता, पण नाचिमुत्तूंनी बस सुरू केली नाही. पूजेआधी गाडी रस्त्यावर काढायची नाही, ही त्यांची एकतीस वर्षांची शिस्त. सकाळी त्यांनी टेबलाच्या दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले. डब्याला झेंडूचा हार घातला, चंदनाचे ठिपके लावले, वर विभूतीचे तीन पट्टे ओढले. डब्याच्या चार कोपऱ्यांशी चार लिंबं ठेवली.

"आता बटण दाबा," मरुदाचलम म्हणाला.

"पूजा व्हायच्या आधी?" अरुक्काणीनं विचारलं.

"वहिनी, थंड इंजिनाला ओवाळलं की गाडी वर्षभर थंड राहते. डेपोत पूजा चालू इंजिनावरच व्हायची."

नाचिमुत्तूंनी बटण दाबलं. आतले सगळे पंखे गरगरा फिरले. पंख्यांनी उघड्या बाजूनं वरची विभूती आत ओढली आणि मागच्या बाजूनं मरुदाचलमच्या तोंडावर टाकली. मरुदाचलमनं डोळे मिटले, हात जोडले. त्याला तो प्रसाद वाटला. मग धुपाचा धूर आत गेला. आणि मग नाचिमुत्तूंनी डेपोत बसच्या बॉनेटवर शिंपडायचे तसं आंब्याच्या पानांनी हळदीचं पाणी सपकन शिंपडलं.

झाकण नव्हतंच. फट् असा आवाज झाला. पडदा काळा पडला. जळक्या वासात धुपाचा वास मिसळला.

मरुदाचलमच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. नाचिमुत्तू पानं हातात धरून उभे होते. पानांतून पिवळे थेंब त्यांच्याच पायावर पडत होते.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं.

त्यांनी तामरैला फोन केला.

"लगेच ये, कण्णू. एसएमपीएस गेला वाटतं."

"अय्या, आज कशी येऊ? सगळे स्क्रूड्रायव्हर पूजेला बसलेत. उद्या पुनर्पूजा होईपर्यंत उचलता येत नाहीत."

"एक तरी मागं ठेवला असशील!"

"तुम्ही ठेवायचात का एखादी बस?"

दिवसभर नाचिमुत्तू अंगणात बसून राहिले. अरुक्काणी आत बॅग भरत होती. मधेच बाहेर येऊन ती म्हणाली, "नाही जमलं तर राहू द्या. मी काय तुमच्यावर रुसून चाललेय?" त्यामुळे त्यांना जास्तच वाईट वाटलं. रुसली असती तर समजूत तरी घालता आली असती.

विजयादशमीला सकाळी सात वाजता तामरै आली. कपाळावर ताजं कुंकू, हातात ताजं कुंकू लागलेला स्क्रूड्रायव्हर. तिनं रंगाच्या ब्रशनं आतली विभूती झाडली. कार्ड वाचलं होतं. एसएमपीएस जळाला होता. दुकानं सगळी बंद. तिनं आपल्या दुकानातल्या संगणकाचा काढून आणला आणि बसवला.

"दुपारी परत नेईन. आणि अय्या, पाणी फक्त तुम्ही प्यायचं."

दहा वाजता बस निघाली. अरुक्काणी रेशमी साडी नेसून नाचिमुत्तूंच्या शेजारी बसली. चक्कर आली तर हुंगायला पूजेतलं एक लिंबू तिनं मुठीत घेतलं होतं. मरुदाचलमनं कुठूनतरी तिकिटांचा जुना गठ्ठा शोधून काढला, एक तिकीट फाडून तिच्या हातात ठेवलं आणि दोनदा शिट्टी वाजवली.

"चला, राइट!"

बस लोण्यासारखी निघाली. धरण गेलं. झाडं सळसळत मागं पळाली. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. नाचिमुत्तूंच्या अंगात हा रस्ता वर्षानुवर्षं मुरलेला होता. नवव्या वळणावर त्यांचे दोन्ही खांदे उजवीकडे वळले, कंबर वळली, खुर्चीसुद्धा वळली. पण बाणाचं बटण दाबायचं राहिलं. बस कठड्यावरून सरळ दरीत गेली.

एकतीस वर्षांत त्यांच्या बसचा आरसासुद्धा फुटला नव्हता.

"पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा नववं वळण आलं, पुन्हा खांदे वळले, पुन्हा दरी. तिसऱ्यांदा त्यांनी बटण दाबलं, पण डावीकडचं.

"अण्णा," मरुदाचलम हळूच म्हणाला, "प्रवाशांना घरी कळवायचं का?"

"गप बस!"

"अहो, थांबवा," अरुक्काणी म्हणाली. तिनं डोळे गच्च मिटले होते, लिंबू नाकाशी धरलं होतं. "गरगरतंय. सगळं फिरतंय."

नाचिमुत्तूंनी घाईनं पडदा बंद केला. मरुदाचलम पाणी आणायला धावला. खरा घाट जसा तिला चढवत नव्हता, तसाच हाही चढवत नव्हता. इतका खरा करून ठेवला होता त्यांनी.

"माझं नशीबच असं," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तुला काही वर नेता आलं नाही मला."

अरुक्काणी पाणी प्यायली. थोडा वेळ ती हातातलं तिकीट उलटसुलट करत राहिली.

"मी जाऊन आलेय," ती म्हणाली.

"कुठं?"

"वर."

दोघंही तिच्याकडे बघायला लागले.

"तुम्ही दोघं दुपारी बसस्टँडवर चहाला जायचात ना, तेव्हा मी जायचे. संगणक जुना होता तेव्हा. एक बटण दाबायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि चित्र बदलायची वाट बघायची. मला काय घाई होती? मध्ये जाऊन पीठ बघून यायचे, तोवर पुढचं चित्र आलेलं असायचं. चक्कर नाही, काही नाही. चाळीसही वळणं केली. तीनदा."

"तीनदा!" मरुदाचलम म्हणाला. "बिनतिकीट?"

नाचिमुत्तूंना ते बटणांवरचं पीठ आठवलं.

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं न्यायला निघाला होता. मी जाऊन आले, असं कसं सांगू?"

नाचिमुत्तूंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग त्यांनी विचारलं, "काय असतं गं वर?"

"वळणं," अरुक्काणी म्हणाली.

दुपारी तामरै आली तेव्हा नाचिमुत्तू दारातच उभे होते.

"कण्णू, ती माझ्या नावाची पिशवी आहे ना अजून?"

"आहे की. स्टोअरला जमा आहे."

"मग घेऊन ये. रॅम जुनी घाल, एसएमपीएस जुना घाल. ते कार्ड काढून टाक. होतं तसं करून दे."

तामरै त्यांच्याकडे बघत राहिली. "अय्या, इतकी वर्षं दुकान चालवतेय. गाडी हळू करून द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच."

साडेतीनला संगणक होता तसा झाला. या वेळी अरुक्काणी बाणांच्या बटणांसमोर बसली आणि नाचिमुत्तू शेजारच्या, पुढच्या सीटवर. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिकीट घेतलं. शिट्टी झाली. तिनं एक बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले. धरणाचं चित्र आलं. नाचिमुत्तूंनी ते नीट पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांना तिथं पाण्याकडे बघायला सवड झाली नव्हती, डोळे रस्त्यावर असत. नवव्या वळणावर त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला.

"पाय काढा," अरुक्काणी म्हणाली. "मी चालवतेय."

एकोणिसाव्या वळणावर मरुदाचलम घड्याळ बघून म्हणाला, "वहिनी, ऑटो आलीय. ट्रेन चुकेल." चित्रात डोंगराची कड होती आणि खाली सगळा पोळ्ळाचीचा सपाट मुलूख, नारळांनी भरलेला. अरुक्काणी उठली, साडी सारखी केली, बॅग उचलली.

"उरलेली एकवीस, परत आले की," ती म्हणाली.

नाचिमुत्तूंनी तिला गाडीत बसवून दिलं. परत आले आणि खुर्चीवर बसले. आपल्या सीटवर नाही, शेजारच्या. संगणक त्यांनी बंद केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मरुदाचलम पिठाचं पातेलं घेऊन आला. बस एकोणिसाव्या वळणावर तशीच उभी होती. त्यानं सवयीनं शिट्टी तोंडाला लावली.

"चला अण्णा, राइट!"

"थांब," नाचिमुत्तू म्हणाले. "ड्रायव्हर रजेवर आहे."