मडमच्या झाडाचे सुखदेवभाऊ

आमच्या शेजारचे सुखदेवभाऊ उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्याला आधी एक कुंडी दाखवत. कुंडीत माती असे, बाकी काही नसे. पाहुणा वाकून बघे, पुन्हा बघे आणि मग बिचारा माझ्याकडे बघे. तोवर सुखदेवभाऊंनी ओठांवर बोट ठेवलेलं असे.

"हळू बोला जी. झोपलं हाये ते."

अकोल्याच्या सरकारी क्वार्टरांत मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून बरीच वर्षं काढली. साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. सकाळची शाळा आटोपून, डोक्याला उपरणं गुंडाळून मी कसाबसा घरी येई. जरा पाठ टेकावी म्हटलं की पलीकडून हाक येई, "मास्तर, बालटीभर पानी हाये का?" आमच्या नळाला करंगळीएवढी धार, तीही पहाटे. पण नाही म्हणायलासुद्धा अंगात त्राण लागतं, आणि एप्रिलनंतर माझ्यात ते उरत नसे. मी बादली देऊन टाकी.

कुंडीत होतं जिरेनियम. सुखदेवभाऊ पूर्वी चिखलदऱ्याला बांधकाम खात्याच्या बंगल्यावर कारकून होते. तिथे एका गोऱ्या मडमने ते लावलं होतं, म्हणून ते 'मडमचं झाड'. थंड मुलखातलं. हवा सोसेना झाली की पानं टाकून देतं, नुसतं मुळावर जगतं आणि हवा मानवली की पुन्हा फुटतं. चिखलदऱ्यात ते कुणी न बघताही वाढे. अकोल्यात ते जगवणं म्हणजे चुलीशेजारी लोणी राखणं होतं.

त्यासाठी भाऊंनी वाळ्याची ताटी केली होती. आमच्या ओळीत तेवढी एकच ताटी. दुपारभर ते तिच्यावर पाणी शिंपडत. ताटीच्या आड, गारव्यात कुंडी बसे आणि भाऊ स्वतः बाहेर व्हरांड्यात घामाने निथळत बसत. शेजारपाजारच्या बायकांना कुंडीजवळ भांडायची बंदी होती. ती मात्र बरीच सोय होती.

त्यांचा धाकटा भाऊ बाजारात भाजी विकायचा. घरच माळ्याचं. तो एकदा वैतागून म्हणाला, "दादा, त्यापरीस वांगे लाव. खाता तरी येते."

"तुले नाही समजत," सुखदेवभाऊ म्हणाले. "शांतानं सोपवलं हाये मले."

शांता म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. आईवेगळी. चिखलदऱ्याला असताना त्या झाडाला तीच पाणी घाली. बदली झाली तेव्हा मुळी फडक्यात बांधून तिनेच आणली. पुढे तिचं लग्न अकोटला झालं आणि निघताना ती बापाला म्हणाली, "बाबा, एवढं जगवजा." माहेरी आई नाही, भाऊ नाही, म्हणून सासरचे तिला फारसं पाठवत नसत.

थंडीत झाडाला निळसर जांभळी फुलं येत. पहिलं फूल ओल्या फडक्यात गुंडाळून सुखदेवभाऊ एस.टी.ने अकोटला जात. शांताच्या ओट्यावर बसत, फूल देत आणि परतीची गाडी धरत. तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज. शांताच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. ती दर खेपेला तांब्या भरून आणी, ओट्यावर बापाशेजारी ठेवी आणि तसाच भरलेला उचलून आत नेई. परत आल्यावर हे मला सुखदेवभाऊच सांगत. "मले वाईट वाटते मास्तर, पण रिवाज हाये," म्हणत.

एका वर्षी ऊन फारच कडक पडलं. भाऊ धास्तावले. ताटी तर भिजवलीच, शिवाय कुंडीतही सकाळ-संध्याकाळ पाणी ओतत राहिले. मृग गेला, आषाढ गेला, कुंडी आपली हिरवी होईना. "झोपलं हाये," भाऊ म्हणत, पण आवाज बसत चालला होता. शेवटी एका रविवारी त्यांनी स्वतःच्या हाताने माती उकरली. मुळी काळी पडून लिबलिबीत झाली होती. मायेने पाणी पाजून पाजून कुजवली होती. ते कितीतरी वेळ तशाच मातीच्या हातांनी बसून राहिले. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवलं नाही.

"मास्तर, तुमी चाला संगं," ते म्हणाले. "माह्यानं तिले सांगणं होत नाही."

मला खरं तर कुठेच जायचा उत्साह नव्हता. तरी गेलो. अकोटला शांता दारात आली आणि तिची नजर बापाच्या रिकाम्या हातांकडे गेली. भाऊ खाली बघत ओट्यावर बसले. मग मीच सांगितलं, झाड गेलं म्हणून.

ती बापाचा चेहरा निरखून बघू लागली. मग म्हणाली, "बाबा, तुमी जेवता का टायमावर? झाडामांगं सोताले मारून राहिले होते का?"

एवढं म्हणून ती आत गेली, तांब्या भरून आणला, सवयीने ओट्यावर ठेवला आणि वळली. सुखदेवभाऊंनी तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. घटाघटा प्याले. सदरा भिजला. शांता जागच्या जागी थांबली. आतून सासूबाई डोकावल्या.

"बाबा, रिवाज..." शांता हळूच म्हणाली.

"नातवाची वाट पाहत बसलो होतो," सुखदेवभाऊ म्हणाले. "माहं लेकरू तं दरसाल पुढ्यात उभं राहत होतं. पोरी, अजून आन. लय तहान लागली."

शांता रडत होती आणि पुसतही नव्हती. तिने तांब्या पुन्हा भरून आणला आणि या वेळी तो ओट्यावर न ठेवता बापाच्या हातात दिला.